वत्सगुल्माहून जामठ्यास

रणजी करंडकाचा अंतिम सामना विदर्भाचा संघ आपल्या घरच्या मैदानावर खेळणार, हें कळल्यापासून आमच्या नातवानें घरांत कोणास स्वस्थता लाभूं दिली नाहीं. सामना 26 फेब्रुवारी 2025 रोजीं नागपुराजवळ जामठा येथें सुरू झाला. परंतु त्या दिवशीं महाशिवरात्र. उपासाच्या दिवशीं प्रवास नको, असें घरांतून बजावण्यांत आल्यामुळें आम्ही आजा-नातू तिसऱ्या दिवशीं, शुक्रवारीं, पहांटे चार वाजतां पुतण्याच्या मोटारीनें वाशीमहून निघालों. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी अर्थात् बरोबर होतीच.

शेलूबाजारापाशीं समृद्धि महामार्ग लागला. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांची एक शाखा येथें, तर दुसरी नागपुराकडील नंदिवर्धन येथें राज्य करीत असे; म्हणजे आम्ही एका राजधानीहून दुसरीकडे चाललों होतों. राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचें लग्न वत्सगुल्मासच लावून दिलें आहे. हें सर्व मी नातवास सांगूं लागलों, तों कारंजें येण्यापूर्वींच स्वारी झोंपीं गेली!

जामठ्याचें क्रीडांगण वर्धा रस्त्यावर, उघड्या माळावर उभें आहे. 2008 सालीं येथें पहिला कसोटी सामना झाला. सुमारें पंचेचाळीस हजार माणसें मावतील एवढा त्याचा विस्तार. त्यामुळें जमलेली मंडळी त्यांत विरळच दिसत होती. परंतु हिरवळीवर आपल्या संघास प्रत्यक्ष पाहतांच मला भरून आलें, हें कबूल करतों. विदर्भ 1957-58 पासून या स्पर्धेंत खेळत आहे. शाळेंत असतांना आम्ही वर्तमानपत्रांत आधीं विदर्भाचा पराभव वाचीत असूं आणि मग इतर बातम्या. साठ वर्षें करंडकाचें दर्शन झालें नाहीं. तें 1 जानेवारी 2018 रोजीं इंदुरास, दिल्लीस हरवून झालें.

दुसऱ्या वर्षीं, 2019 च्या फेब्रुवारींत, याच जामठ्यावर सौराष्ट्राचा पाडाव झाला. त्या सामन्यांत आमच्या आदित्य सरवट्यानें अकरा बळी घेतले आणि पुजारासारख्या फलंदाजास दोन्ही डावांत स्वस्तांत परत पाठविलें. तोच सरवटे यंदा केरळाकडून खेळत होता! विदर्भाच्या 379 धांवांस उत्तर देतांना आदल्या सायंकाळीं तो 66 वर नाबाद राहिलेला. सकाळीं त्याचा एक सुरेख फटका सीमेपार गेला आणि मीं नकळत टाळी वाजविली. पुढच्या रांगेंतील एका गृहस्थांनीं वळून पाहिलें. नातू तर लालबुंद झाला. “आजोबा, तुम्ही कोणाकडून आहांत?”

मला उत्तर सुचेना. चाळीस वर्षें मुलांना प्रश्न विचारण्यांत घालविलीं. उत्तर देण्याची संवय राहिली नाहीं. घरची मुलगी सासरीं गेली म्हणून ती परकी होते काय, असें मनांत आलें; पण दहा वर्षांच्या मुलास तें काय सांगावें? हर्ष दुबेच्या गोलंदाजीवर सरवटे 79 वर बाद झाला, तेव्हां नातू बाकावर उभा राहून नाचला. मीही टाळ्या वाजविल्या. मात्र त्या कोणासाठीं, हें त्यानें विचारलें नाहीं.

दुपार मोठी कठीण गेली. केरळाचा नायक सचिन बेबी खिळ्यासारखा उभा होता. आघाडी गेली तर करंडकही जाण्याचा संभव, हें सर्वांस कळत होतें. चटणी-दशमीची चवही लागेना. अखेर 98 वर त्याचा फटका चुकला आणि सायंकाळीं केरळाचा डाव 342 वर आटोपला. सदतीस धांवांची आघाडी! रात्रीं वाशीमला पोंचेपर्यंत नातवाचा घसा पार बसला होता.

पुढें सामना अनिर्णित राहिला व त्याच आघाडीवर करंडक विदर्भास मिळाला, हें वाचकांस ठाऊक आहेच. पांचव्या दिवशीं सकाळीं सगळें घर दूरचित्रवाणीसमोर बसलें होतें. करुण नायर, ज्याचें कूळ केरळाचें व ज्याची उमेदवारी कर्नाटकांत गेली, तो विदर्भासाठीं 135 धांवा करून केरळास जेरीस आणीत होता. त्यास यष्टिचीत केलें गेलें, तें सरवट्याच्या चेंडूवर.

नातू माझ्या तोंडाकडे पाहूं लागला. मीं चष्मा पुसावयास घेतला.