चाक थांबवून पाहताना

बारावीच्या फिजिक्सचं नवं पुस्तक २०२० साली आलं आणि त्याचं पहिलंच प्रकरण निघालं रोटेशनल डायनॅमिक्स. वर्तुळाकार गती, टॉर्क, मोमेंट ऑफ इनर्शिया, अँग्युलर मोमेंटम, उतारावरून घरंगळणाऱ्या वस्तू, सगळं त्यात. एरवी हे प्रकरण मी सायकलचं चाक आणि फिरती खुर्ची वर्गात नेऊन शिकवते. त्या जूनमध्ये मात्र कोरोनामुळे कॉलेजला कुलूप होतं. सुरुवातीलाच निसर्ग वादळ येऊन गेलं होतं, वीज कधी असे कधी नसे. कळंबच्या घरातली पडवी, एक फळा आणि पुस्तकांच्या चळतीवर टेकवलेला मोबाईल, एवढ्यावर शिकवायचं होतं.

इंटरनेटवर व्हिडिओंना तोटा नव्हता. एच. सी. वर्मा सरांसारख्या माणसाची व्याख्यानं घरबसल्या मिळत होती, मी स्वतः ती आवडीने ऐकते. पण आमच्या मुलांची अडचण वेगळी होती. घरात फोन एक, तोही वडिलांचा. दिवसभर तो कांद्याच्या नाहीतर टोमॅटोच्या गाडीबरोबर बाजारात. संध्याकाळी हातात आला की तासाभराचं व्याख्यान उतरवून घ्यायला ना रेंज पुरायची ना नेटपॅक. म्हणून मी चार-पाच मिनिटांचेच व्हिडिओ करायचं ठरवलं, आणि एक नियम घातला: प्रयोगाचा निकाल त्याच व्हिडिओत दाखवायचा नाही.

पहिला व्हिडिओ असा होता. लाकडी फळीचं एक टोक विटेवर टेकवलं. वरच्या टोकाला ओळीने तीन वस्तू पट्टीने अडवून धरल्या: काचेची गोटी, कॅरमचा स्ट्रायकर कडेवर उभा केलेला, आणि हातातलं जाड कडं. ‘आता मी पट्टी उचलणार आहे. आधी खाली कोण पोचेल आणि का, ते रात्री झोपायच्या आत मला बोलून पाठवा,’ एवढं म्हणून रेकॉर्डिंग बंद.

त्या रात्री फोन वाजतच राहिला. बरीच मुलं कड्याच्या बाजूने होती, ‘मॅडम, ते सगळ्यात जड आहे ना’ म्हणून. काहींना तिन्ही एकदमच पोचतील असं वाटत होतं, कारण अकरावीत गॅलिलिओ शिकवला होता. एकीने मात्र शांतपणे विचारलं, ‘कडं मधून पोकळ आहे, त्याचा काही फरक पडेल का?’ दुसऱ्या दिवशी निकाल पाठवला, स्लो मोशनमध्ये: गोटी पहिली, स्ट्रायकर दुसरा, कडं शेवटी. वजनाचा आणि आकारमानाचा इथे संबंधच नाही. वस्तुमान त्रिज्येच्या मानाने अक्षापासून किती लांब पसरलंय, त्यावर सगळं ठरतं. फळी घर्षणरहित असती आणि वस्तू नुसत्या घसरल्या असत्या तर जे त्वरण मिळालं असतं, त्याच्या पाच सप्तमांश भरीव गोळ्याला मिळतं, दोन तृतीयांश चकतीला आणि निम्मं कड्याला. उरलेली ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जाते. हे सूत्र मी वर्षानुवर्षं फळ्यावर सिद्ध करून दाखवत आले आहे. पण ज्याने आदल्या रात्री ‘कडंच जिंकणार’ असं ठासून सांगितलंय, त्याला त्या सूत्राची जी भूक लागते, ती नुसत्या सिद्धतेने लागत नाही. माझं आजही ठाम मत आहे की व्हिडिओचं खरं बटण प्लेचं नाही, पॉजचं आहे.

मग मुलांनाच चित्रण करायला सांगितलं. फिरणारं काहीही चालेल, विहिरीवरचा रहाट, शिलाई मशीन, पिठाची गिरणी. एका मुलीच्या आजोबांकडे लाकडी चाकांची जुनी बैलगाडी होती. रस्त्याच्या कडेला बसून तिने गाडी जाताना चाकाचं चित्रण केलं आणि काळजीत पडून मला फोन लावला.

‘मॅडम, कॅमेरा बिघडलाय बहुतेक. चाकाचे खालचे आरे स्पष्ट दिसतायत आणि वरचे नुसते पुसट.’

‘थांबवलेली फ्रेम पाठव,’ म्हटलं.

फ्रेम आली. तुंब्याच्या खालचे आरे मोजता येत होते, लोखंडी धावेवरचा चिखलही दिसत होता. वरच्या बाजूला मात्र लाकडाचा धुरकट पंखा झालेला. कॅमेरा अगदी ठणठणीत होता. न घसरता घरंगळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता स्थिर असतो. आख गाडीच्या वेगाने पुढे जातो, आणि चाकाचा माथा गाडीच्या दुप्पट वेगाने. त्या पोरीने फोनवर काढलेल्या एका फ्रेममध्ये शून्यापासून दुपटीपर्यंतचे सगळे वेग एकावर एक रचलेले होते. पुस्तकातली बाणांची आकृती मुलं पाठ करतात. ही आकृती तिच्या आजोबांच्या गाडीने काढून दिली होती. मी ती सगळ्या वर्गाला पाठवली.

व्हिडिओ फसवतोही, आणि ती फसवणूक शिकवण्यासारखी आहे. सेकंदाला तीस फ्रेम घेणारा कॅमेरा चाकाला मध्येच थबकलेलं किंवा उलटं फिरताना दाखवतो. दोन फ्रेमच्या मधल्या वेळात एक आरा जवळजवळ पुढच्या आऱ्याच्या जागी पोचला, की डोळ्याला तो थोडा मागे सरकल्यासारखा वाटतो. म्हणून मोजमापासाठी एका आऱ्याला किंवा पात्याला खूण करायची आणि फ्रेमचा वेग वाढवायचा.

हे सांगितल्यावर एका मुलाने छताच्या पंख्याच्या एका पात्याला पांढरा कागद चिकटवला आणि सेकंदाला १२० फ्रेमने चित्रण सुरू केलं, तोच लाईट गेली. त्याने चित्रण थांबवलं नाही. सुरुवातीला एका फेऱ्याला २४ फ्रेम लागत होत्या, म्हणजे सेकंदाला पाच फेरे. मग फ्रेम वाढत गेल्या, पंखा मंदावत गेला. त्याने वहीत एकेका फेऱ्याचा हिशेब मांडून आलेख काढला. पुस्तकातल्या उदाहरणांत कोनीय मंदन एकसारखं धरलेलं असतं, त्यामुळे सरळ रेषा येईल अशी त्याची अपेक्षा. आली वाकडी रेषा, आधी तीव्र उताराची, नंतर सपाट होत जाणारी. ‘माझं कुठे चुकलं?’ म्हणाला. चुकलं काहीच नव्हतं. पंखा जोरात असताना हवेचा विरोध जास्त, मंद झाल्यावर कमी. लोडशेडिंगने त्या मुलाला पुस्तकाच्या पुढचं पान दाखवलं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही व्हिडिओने होत नाही. टॉर्क स्नायूंना कळावा लागतो. म्हणून त्या धड्याआधी दोन कामं घरी करायला लावली: बिजागरीजवळ बोट ठेवून दार ढकलून पाहायचं, आणि जिथे जातं आहे तिथे आजीला विचारून थोडं दळायचं. खुंटा मध्यापासून लांब, कडेला का बसवतात, हे दळणाऱ्या हाताला लगेच कळतं. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली. नंतर कॉलेज उघडलं तेव्हा मी आधी सायकलचं चाक बाहेर काढलं. फिरतं चाक दोन्ही हातांत धरून ते तिरपं करायचा प्रयत्न केला की ते भलतीकडेच वळायला बघतं. व्हिडिओत ते सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी पहिल्या मुलाने चाक धरलं आणि दचकून ओरडला, ‘मॅडम, हे ओढतंय!’

त्या बॅचची बोर्डाची लेखी परीक्षा २०२१ मध्ये रद्द झाली. व्हिडिओ राहिले, मी ते अजून वापरते. आता शेवटचा व्हिडिओ खोडदचा असतो. नारायणगावजवळच्या त्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या या दुर्बिणीने एनजीसी १८५१ या तारकागुच्छात एक पल्सार, म्हणजे स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा, शोधला. तो सेकंदाला सुमारे २०० वेळा स्वतःभोवती फिरतो. ‘एवढा फिरवला कुणी?’ हा प्रश्न दर वर्षी येतो. जोडीदार ताऱ्याचं द्रव्य त्याच्यावर येऊन पडतं, येताना अँग्युलर मोमेंटम घेऊन येतं आणि तारा वेग धरतो, असं त्याचं उत्तर. मग मुलं गणिताला बसतात. त्रिज्या दहा किलोमीटर धरली तर त्याच्या विषुववृत्ताचा वेग सेकंदाला साडेबारा हजार किलोमीटर निघतो, प्रकाशाच्या वेगाच्या चार टक्के. गेल्या खेपेला एकाने हात वर केला, ‘मग तो फुटून विखरत कसा नाही?’ म्हटलं, काढ की. सूर्याच्या १.४ पट वस्तुमान धर, पृष्ठभागावरचं गुरुत्वीय त्वरण काढ आणि त्या फेऱ्याला लागणाऱ्या केंद्रगामी त्वरणाशी ताडून बघ. गुरुत्व शंभरपटीहून अधिक भरलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं की तुटायला मग सेकंदाला किती फेरे लागतील, आणि घंटा झाली तरी कुणी उठेना.