मग वाघ?

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ आला. अंधारी गल्ली, कुंपणावरून उडी, चकाकणारे दोन डोळे. उसात आणि मळ्यांत राहणारा बिबट्या नाशिकच्या वस्तीत शिरतो, याचं नवल आता राहिलेलं नाही. पण लगेच कुणीतरी लिहिलं, 'एआयचा आहे, घाबरू नका.' सगळ्यांनी अंगठे दाखवले. संध्याकाळी पोरांना मात्र कुणी खाली सोडलं नाही.

आजी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला न्यायची. पाऊस, घोट्यापर्यंत चिखल, हातात भाजलेलं कणीस आणि तिची ठरलेली गोष्ट. विठ्ठलपंत बायकोमुलांना घेऊन याच वाटेनं निघाले होते. वाघ आडवा आला. पळापळीत थोरला निवृत्ती चुकला, शिरला तो थेट गहिनीनाथांच्या गुहेत, आणि अनुग्रह घेऊनच बाहेर आला. मी दर वर्षी विचारायचो, "मग वाघ?" एकदा सोबतचे एक बुवा म्हणाले, "बाळ, वाघ मायेचा होता." आजी थबकली. "मायेचा होता तर विठ्ठलपंत पळाले कशाला? बुवा, तुम्ही व्हा पुढं."

पुढे याच निवृत्तीनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी 'अमृतानुभव' लिहिला, असं परंपरा मानते. त्याच्या 10 प्रकरणांतलं सातवं सर्वांत मोठं, अज्ञानाच्या खंडनाचं. अज्ञान म्हणून काही नाहीच, तर त्यातून जगाचा भास कुठून होणार? चैतन्यच जग होऊन स्वतःला न्याहाळतं. म्हणजे वाघ तेच, पळणारेही तेच. मला हे मायावादाहून आवडतं. वाघाला खोटं पाडावं लागत नाही.

तिकडे युरोपातल्या तत्त्वज्ञ बिशप बर्कलेनं 1710 मध्ये वस्तूचं असणं तिच्या दिसण्यावर टांगलं. आपण कुणीच पाहत नसताना पाहायला त्याच्याकडे देव होता. सोसायटीत ते काम सीसीटीव्हीकडे आहे.

आणि आमच्या खानदेशात, अमळनेरला, गिरणीमालक प्रतापशेठांनी 1916 मध्ये चक्क तत्त्वज्ञान मंदिर काढलं. तिथल्या मलकानी, दास आणि मूर्ती यांचा 1933 मध्ये इंग्रजी ग्रंथ निघाला. नाव 'अज्ञान'! ज्ञानदेवांनी जे नाहीच म्हणून सांगितलं, त्यावर तिघे विद्वान. शेठलोक देवळांना देतात, इस्पितळांना देतात. अज्ञानावर विचार करा म्हणून माणसं पोसणारा मी हा एकच ऐकला.