दुसरी सही

कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं तालमींची, पण शाहू स्टेडियमवर सामना असला की त्याच नावांनी पेठा घुमतात. आमचं गाव शहराजवळचं, पण आम्ही तांबड्या मातीतली माणसं. फुटबॉल आमच्या घरात आणला तो धाकट्यानं. शहरात कॉलेजला गेला आणि पहिल्याच वर्षी संघात लागला. फॉरवर्डला खेळायचा. त्यानं गोल मारला की दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध घालताना कोणीतरी म्हणायचंच, "अण्णा, पोरगं लई पळतंय म्हणं तुमचं." मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

2009 च्या जूनमध्ये कॉलेजनं नवे प्रशिक्षक नेमले. एका वर्षापुरते, मानधनावर. स्वतः तालमीकडनं खेळलेले, पण गुडघा गेला आणि खेळ सुटला. आल्याआल्या त्यांनी चेंडू खोलीत ठेवून कुलूप लावलं. पोरांना पहाटे रंकाळ्याभोवती पळवायचं, रविवारी जोतिबाच्या पायऱ्या चढायला लावायच्या. दीड महिना असाच. धाकटा घरी आला की जेवता जेवता झोपायचा. त्याची आई म्हणायची, "ह्यो फुटबॉल शिकवतोय का पोरास्नी हमाल करतोय?"

नंतर चेंडू बाहेर निघाला, तर सरांनी धाकट्याला फॉरवर्डवरनं काढून बॅकला टाकला. गोल मारणाऱ्या पोराला मागं उभा करायचा, म्हणजे मला तर बैल गाडीच्या मागं बांधल्यासारखं वाटलं. ऑगस्टमध्ये सरावाचे तीन सामने झाले, तिन्ही हरले. डेअरीवर कोणी काही विचारेना. धाकटा माझ्याशी धड बोलेना.

तेवढ्यात शहरातले एक पालक अर्ज घेऊन घरी आले. "नवीन प्रशिक्षकामुळे संघाचे नुकसान होत आहे, मुलांचा छळ होत आहे, तरी बदल करावा." त्यांची पहिली सही होती. खाली मी केली. वाचायला पाच मिनिटं लागली, सही करायला तेवढीही नाही.

आता त्याच साली मी शेतात काय केलं होतं ते सांगतो. खालच्या पट्टीत वर्षानुवर्षं ऊस, मग खोडवा, मग पुन्हा ऊस. जमीन दगडासारखी झाली होती. म्हणून जूनमध्ये त्या एक एकरात ताग पेरला आणि फुलावर आला तसा दीड महिन्यानं आडवा करून मातीत गाडला. वाटेनं जाणारी माणसं हसायची. पेरलेलं कोणी गाडतं का? मी प्रत्येकाला थांबवून सांगायचो, "बाबा, ह्या हंगामात काय मिळायचं न्हाई. पुढच्या उसात बघ." हे सगळ्या गावाला समजावणारा मी, आणि अर्जावर सही करणाराही मीच.

सप्टेंबरात मार्केट यार्डात गेलो होतो. येताना म्हटलं, मैदानावर जाऊन त्या सरांना एकदा तोंडावर विचारावं. गेलो, तर चार पोरं एका दोरीला धरून पुढं-मागं सरकत होती. त्यात आमचा धाकटा. मी विचारलं, "सर, हे काय चाललंय?"

"अण्णा, ही आमची मागची फळी," ते म्हणाले. "समोरच्यानं पास मारला त्या क्षणी त्यांचा गडी आमच्या शेवटच्या बॅकच्याही मागं, गोलीच्या बाजूला गेलेला असला, की तो ऑफसाइड. पण चौघांतला एक जरी दोन पावलं मागं रेंगाळला, तर तो गडी सुटला. मग बाकीचे तिघं कितीही चांगले असोत."

मला एकदम भांगलण आठवली. बायका पात धरून ओळीनं पुढं सरकतात, एक मागं राहिली की सगळ्यांची ओळ मोडते. मी तसं म्हटल्यावर सर हसले. "बरोबर. पातच आहे ही."

"पण माझंच पोरगं का?"

"पुढं पळणारी चार पोरं आहेत माझ्याकडं. सगळं मैदान बघणारा हा एकटा आहे. यंदा कदाचित हरू आम्ही, अण्णा. पण पुढच्या वर्षी बघा."

माझंच वाक्य होतं ते. मान खाली घालून गाडीला किक मारली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन माझं नाव अर्जावरनं काढून घ्यायचं ठरवलं. पण सोयाबीन काढणीला आलं होतं, माणसं मिळत नव्हती, आभाळ भरून येत होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता राहिलं. खरं कारण सोयाबीन नव्हतं. चुकलो, असं साहेबापुढं म्हणायची लाज वाटत होती.

ऑक्टोबरात विद्यापीठाच्या कोल्हापूर विभागाच्या स्पर्धा झाल्या. पहिले दोन सामने जिंकले, दोन्हीत एकही गोल खाल्ला नाही. उपांत्य सामना बघायला मी गेलो. एक-शून्यनं आघाडीवर होतो. शेवटची पाच मिनिटं राहिली असतील. तिघं बॅक पुढं सरकले आणि आमचा धाकटा दोन पावलं मागं राहिला. समोरचा गडी सुटला, गोल झाला. मग टायब्रेकरवर हरलो. धाकटा गवतात तोंड खुपसून बसला होता. सर लंगडत आधी त्याच्याकडं गेले, हाताला धरून उठवलं आणि पाण्याची बाटली दिली. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

जूनमध्ये सरांची मुदत संपली, ती वाढवली नाही. कारण म्हणून पालकांचा अर्ज दाखवला. 2010 साली त्याच पोरांनी विभागाचं अजिंक्यपद जिंकलं. कप्तान धाकटा, खेळला बॅकलाच. हार पडला नवीन आलेल्या माणसाच्या गळ्यात. खालच्या पट्टीतला ऊस त्या वर्षी माझ्या डोक्याच्या वर दीड हात गेला होता. बघायला माणसं यायची, पण मला त्यांना तागाची गोष्ट सांगवेना.

सहीचं मी धाकट्याला कधी सांगितलं नाही. त्याच्या लग्नानंतर एकदा मोटारीवर पाणी धरायला दोघं बसलो होतो, तेव्हा तोंडातनं निघालं. तो म्हणाला, "मला ठावं हाय, अण्णा. सरांनीच सांगितलं हुतं. 'वडलांवर रागवू नको' म्हणालं." मी त्या अंधारात गप्प बसलो. सरांचा पत्ता काढून त्या वर्षी गुळाची ढेप घेऊन गेलो. त्यांनी चहा पाजला, गुडघा दाखवला, उसाचं विचारलं. अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही. मीच काढला आणि माफी मागितली. म्हणाले, "गूळ चांगला आहे."

आता धाकटा संध्याकाळी शाळेच्या मैदानावर गावातल्या पोरांना खेळवतो. त्याच्याकडं पण दोरी आहे. गेल्या महिन्यात एक बाप तणतणत आला, "माझ्या पोराला मागं का उभा केलास रं?"

धाकट्यानं त्याला काही समजावलं नाही. "आमच्या अण्णांकडं जावा," म्हणाला, "गोठ्यात असतील."