सापडले नाही

नाव यादीत नसणं आणि नाव न सापडणं यांत फरक आहे, आणि तो मॅक्रोला कसा सांगायचा हे मला नीट कळत नाही.

एक्सेलच्या मॅक्रोत व्हीलुकअप दोन तऱ्हांनी बोलावता येतो. ‘वर्कशीटफंक्शन’मार्फत बोलावला आणि नाव मिळालं नाही, तर एरर १००४ दाखवून मॅक्रो जागीच थांबतो. थेट ‘ॲप्लिकेशन’मार्फत बोलावला, तर तो थांबत नाही, एरर २०४२ हेच उत्तर म्हणून हातात देतो. ते ठेवायला व्हेरिएबल व्हेरियंट लागतो. मग ‘इझएरर’नं तपासून पुढचं आपण ठरवायचं. जाणकार दुसरी तऱ्हा सुचवतात, मीही तीच वापरते.

तिसरा मार्ग मात्र मला सहन होत नाही. वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहायचं आणि एररकडे पाहायचंच नाही. लूपमध्ये एखादं नाव सापडलं नाही, की ती ओळ फसते आणि व्हेरिएबलमध्ये मागच्या सभासदाची रक्कम तशीच राहते. पतसंस्थेच्या यादीत एकाचा लाभांश खालच्या नावापुढे जाऊन बसतो. कुठे एन-ए नाही, तक्रार नाही. चौथा आर्ग्युमेंट सोडून दिला तरी असंच काहीसं होतं: व्हीलुकअप तंतोतंत नाव न शोधता जवळचं पाहतो, आणि यादी क्रमानं लावलेली नसली तर भलतंच उत्तर ठामपणे देतो.

काखेत कळसा नि गावाला वळसा. व्हीलुकअपच्या पुष्कळशा एरर याच जातीच्या. सभासद क्रमांक दोन्ही शीटवर असतो, पण एकीकडे आकडा म्हणून, दुसरीकडे मजकूर म्हणून. किंवा नावाच्या शेवटी एक रिकामी जागा असते. वेबपेजवरून आलेली १६० क्रमांकाची जागा असली तर ट्रिमनंही जात नाही.

पण ही म्हण मला दिवसेंदिवस अन्यायाची वाटू लागली आहे. ती बाई (म्हणीत बाई आहे असं कुठे म्हटलेलं नाही, मी आपली धरून चालते) गावभर फिरली, तेव्हा दारोदार विचारत गेली असणार. मग एकालाही तिच्या काखेतला कळसा दिसला नाही? की दिसला, आणि हा तिचाच असणार, हिला दुसरा हवा असेल, असं वाटून लोक गप्प राहिले? की तिनं घागर म्हणून विचारलं आणि समोरच्यानं प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटलं? तसं असेल तर चुकलं कोण? आणि एखाद्या भल्या माणसानं ‘ही घे’ म्हणून दुसऱ्याच कुणाची घागर तिच्या हाती दिली असती, तर म्हण तयारच झाली नसती. वळसाही पडला नसता. जिची घागर गेली तिचं काय, हे मात्र कुणी विचारलं नसतं.

मराठी याद्यांत नाव असून न सापडणं फार होतं. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला ऱ कुणी २३५३ या संकेताचं अक्षर म्हणून टाइप करतं, कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा ८२०५ क्रमांकाचा जोडक वापरतं. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. आतले संकेत वेगळे. मॅक्रोच्या खिडकीत देवनागरी लिहायला गेलं तर प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून हे संकेत आकड्यांनीच लिहावे लागतात. न दिसणारं सगळं पुसून टाकू म्हटलं, तर जोडक जातो आणि आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांना जातात. म्हणून पुसायचं नाही, एक रूप दुसऱ्या रूपात बदलायचं. एवढं जमतं.

जमत नाही ते पुढचं. कुणीतरी ‘कर्हाडे’ असं रफार देऊन लिहिलेलं असतं. ते कऱ्हाडेच असावेत असं मला वाटतं, पण जुन्या रजिस्टरात सभासद क्रमांक नाही आणि त्याच नावाचे दोघे आहेत. जुळवून टाकलं तर एकाचे पैसे दुसऱ्याला जाण्याची भीती. न जुळवलं तर एका म्हाताऱ्या माणसाला काहीच मिळणार नाही, तेही नावातल्या एका रफारापायी. मॅक्रो इथे थांबावा, की २०४२ हाती देऊन पुढे जावा? थांबणारा मॅक्रो पूर्वी मला अडाणी वाटायचा, आता तसं म्हणवत नाही. सध्या अशी नावं मी वेगळ्या शीटवर काढून ठेवते. ती कुणी आणि कशाच्या आधारे जुळवायची, हे ठरलेलं नाही, आणि ती शीट वाढतेच आहे.