आप्पांचा घुमट

१९९६ साली आमच्या हायस्कूलची सहल विजापूरला गेली, तेव्हा मी नुकताच एम.ए. होऊन इतिहास शिकवू लागलो होतो. सोबत आप्पांनाही घेतले होते. गोलघुमटासमोर आप्पा गाडीतून उतरले, मान वर केली आणि साऱ्या मुलांदेखत म्हणाले, "आरं, ह्यो तर आमच्या पोस्टाचा घुमट!"

मुले खिदळली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "आप्पा, हा मुहंमद आदिलशहाचा मकबरा, १६५६ चा. पोस्टाचा इथं काय संबंध?" मी मास्तरी आवाजात सुनावले. आप्पा गप्प झाले. वरच्या सज्जात मुले ओरडून प्रतिध्वनी मोजत होती तेव्हा ते खाली पायरीवरच बसून राहिले.

आप्पांनी उभी हयात मुंबईत मशीद बंदरला हमालीत काढली. दरमहा येणारी मनिऑर्डर ते बोरीबंदरच्या मोठ्या पोस्टातून करीत. स्वतःला अक्षरओळख नव्हती. बाहेर बसणारा पत्रलेखक फॉर्म भरून देई. कुपनावरच्या इवल्या जागेतला मजकूर आई माझ्याकडून वाचून घ्यायची : 'पैसे पोचले कळवणे. पोरास शाळेत धाडणे.'

२००९ साली आप्पा गेले. मुंबईला मी त्याआधी दोनदा गेलो होतो, पण दादरलाच उतरून परत. २०१४ मध्ये एका लग्नासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसने थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो, बाहेर आलो आणि थोडे पुढे जाताच जागीच थबकलो. समोर विजापूर!

नंतर पुस्तके चाळली (ही आमची मास्तरांची जुनी खोड, आधी फजिती आणि मग अभ्यास). सातव्या एडवर्डच्या अमदानीत, १९०४ मध्ये या इमारतीचे काम सुरू झाले आणि १९१३ मध्ये पुरे झाले. खर्च अठरा लाखांवर. वास्तुकार जॉन बेग, जातीचा स्कॉटिश. मदतीला जॉर्ज विटेट. पुढे गेटवे ऑफ इंडिया उभारला तोच. शेजारचे स्टेशन १८८८ चे, गॉथिक थाटाचे. बेगने ती वाट सोडून सरळ गोलघुमट डोळ्यांपुढे ठेवला. बादशहाच्या कबरीवरचा घुमट त्याने तिकिटे विकणाऱ्या कचेरीवर चढवला, याची मला अजून गंमत वाटते. अंगाला काळा बेसाल्ट, त्यावर कुर्ल्याचा पिवळसर आणि ध्रांगध्र्याचा पांढरा दगड. विजापूरचा घुमट आतून सुमारे १२४ फूट रुंद, मध्ये एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौकोनाचे वर्तुळ करून तो भार पेलतात. त्या मानाने हा धाकटा. पण आत जाऊन मान वर केली की नाते लपत नाही. शिवाय इथे त्याच्याखाली माणसे रांगेत उभी असतात, हातात फॉर्म आणि मोजून आणलेले पैसे घेऊन. आप्पांनी किती वेळा त्या रांगेतून वर पाहिले असेल!

खिडकीवर पन्नास पैशांचे पोस्टकार्ड घेतले. आईला लिहिले, 'आप्पांचा घुमट पाहिला. त्यांचे बरोबर होते.' पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, जुनी मनिऑर्डर बंद झाली.

गावी मी कार्डाच्या आधीच पोचलो. तीन दिवसांनी पोस्टमन आला. आईने कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि पूर्वीसारखेच माझ्यापुढे धरले, "वाच."