पिल्लाचे चालणे, आपले चालणे

मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्याच्या पिल्लाच्या व्यायामाविषयी मी लिहावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माझ्या एका सल्ल्याचा भार एका मुक्या जिवाच्या पायांवर पडला, म्हणून हे सांगणे भाग आहे.

लातूरच्या माझ्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक अनेक वर्षे येत आहेत. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी घराबाहेर पडणे जवळजवळ सोडले होते आणि रक्तातील साखर वाढत चालली होती. नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. तेथे घोड्यांबरोबर श्वानांचेही प्रदर्शन असते. यात्रेला गेलेल्या मुलाने वडिलांसाठी तेथून कारवान जातीचे, लांब पायांचे पिल्लू आणले. गुरुजींच्या चेहऱ्यावर हसू परतले. मीही आनंदाने म्हणालो, "गुरुजी, आता याला घेऊन रोज अर्धा तास भरभर चाला."

गुरुजी शिस्तीचे. त्यांनी तसेच केले. तीन आठवड्यांनी ते पिल्लाला कडेवर घेऊनच दवाखान्यात आले. पिल्लू पुढच्या पायाने लंगडत होते. "डॉक्टरसाहेब, माझ्या हातून पाप झाले," एवढेच ते बोलू शकले. पाप त्यांचे नव्हते. तीन महिन्यांच्या पिल्लाला मी साठी उलटलेल्या मधुमेही माणसाचा व्यायाम लिहून दिला होता.

पशुवैद्यकांनी तपासून दोन आठवडे विश्रांती सांगितली आणि कारणही समजावले. वाढत्या पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या मऊ चकत्या असतात. हाड तेथूनच वाढते. उंच जातींत त्या पक्क्या होण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. तोवर सततचा ताण किंवा उंचावरून मारलेली उडी त्यांना इजा करू शकते. आपल्या नातवंडांच्या हाडांतही अशाच चकत्या असतात. हे मी महाविद्यालयात शिकलो होतो. केवळ वेळेवर आठवले नाही.

मग किती चालवावे? वयाच्या प्रत्येक महिन्यास पाच मिनिटे, असा एक ढोबळ अंदाज प्रचलित आहे. तीन महिन्यांच्या पिल्लास एका वेळी पंधरा मिनिटे, दिवसातून एकदा किंवा दोनदा. हा काही सिद्ध झालेला नियम नव्हे, पण हात आवरण्यास उपयोगी आहे. अंगणात पिल्लू आपल्या मर्जीने खेळते ते निराळे, कारण दमले की ते आपणहून बसते. दोरीला बांधलेल्या पिल्लाला बसण्याची मुभा नसते. मालकामागे ते ओढले जाते. चालताना ते बसले, मागे राहिले किंवा फार धापा टाकू लागले, तर फिरणे तेथेच संपवावे. जिने, दिवाणावरून उड्या आणि गुळगुळीत फरशीवरची धावपळ टाळावी. लसींचे सर्व डोस पूर्ण होईपर्यंत मोकाट कुत्री फिरतात तेथे त्याला जमिनीवर सोडू नये. रेबीजची लस कधी द्यावी, हे पशुवैद्यकांना अवश्य विचारावे.

आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्याचा प्रश्न मोठा. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग निववते. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल, तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. पहाटे फिरवणे उत्तम.

आणि आता आपल्याविषयी. दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नका. पिल्लू अचानक ओढ घेते, पायांत घुटमळते. उतारवयात अशा एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि माणूस अंथरुणाला खिळतो. पायांत घट्ट बसणारे बूट घालावेत. हात थरथरत असतील, तोल जात असेल, तर दोरी घरातील तरुणाच्या हाती द्यावी आणि आपण सोबत चालावे. घरच्यांनीही पिल्लू आणून देऊन मोकळे होऊ नये.

गुरुजींसाठी आम्ही सोपा मार्ग काढला. पहाटे प्रथम पिल्लासोबत गल्लीत संथ फेरी, त्याच्या मापाची. ते घरी येऊन झोपले की गुरुजींचे स्वतःचे चालणे, त्यांच्या मापाचे. पिल्लाचा पाय आता बरा आहे. गुरुजींची साखर अजून हवी तितकी उतरलेली नाही. पण पिल्लू दाराशी वाट पाहते, म्हणून एकही पहाट चुकत नाही.