लेख सापडला पाहिजे

माझ्याकडे येणाऱ्या लेखकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. लेख मेहनतीनं लिहिला, इंटरनेटवर टाकला, ओळखीच्यांनी कौतुक केलं आणि चार दिवसांत सगळं थंड. 'वाचक वाढवायची काही युक्ती सांगा की!' मराठी संकेतस्थळांच्या मजकुराची डागडुजी हाच माझा पुण्यातला व्यवसाय, त्यामुळे युक्त्या मला माहीत आहेत. 'हे वाचून तुम्ही थक्क व्हाल' छापाचं शीर्षक लावलं की आकडा वर जातो, हे खरंच. पण तो वाचक दोन ओळींत परत फिरतो आणि पुढच्या खेपेला आपलं नाव दिसलं तरी बोट लावत नाही. छापील अंक घरी येऊन हातात पडतो. इंटरनेटवरचा लेख मात्र वाचकाला हवा तेव्हा सापडावा लागतो. माझं सगळं काम या सापडण्याभोवती फिरतं.

पुण्याचंच बघा. जुलैत घाटावर पाऊस लागला, की निम्मं शहर फोनवर एकच गोष्ट शोधतं : खडकवासल्यातून किती पाणी सोडलं? बातम्या तासातासाला येतात आणि तासाभरात शिळ्या होतात. 'अमुक हजार क्युसेक विसर्ग' एवढं कळतं. पण क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी, हे सांगायला बातमीत जागा नसते. टेमघर, वरसगाव आणि पानशेतचं पाणी खडकवासल्यात उतरतं. या चार धरणांत खडकवासलाच सर्वांत लहान, जेमतेम दोन टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं). ते लवकर भरतं, दरवाजे उघडावे लागतात, आणि मुठा नदीतला भिडे पूल पाण्याखाली जातो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी का शिरलं, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते प्रकरण याहून वेगळं कसं, हे कुणी एकदा नकाशासह नीट मांडलं तर तो लेख दर पावसाळ्यात वाचला जाईल. मात्र दर वर्षी त्याच पत्त्यावरच्या त्याच लेखात नवे आकडे आणि नवी तारीख घालायला हवी. बहुतेक जण दर वर्षी नवा लेख टाकतात आणि आपल्याच जुन्या लेखाशी स्पर्धा लावून बसतात.

आता शीर्षक. 'मुठामाईचं रौद्ररूप' हे छापील पानावर फोटोशेजारी शोभतं. शोधाच्या यादीत शेजारी फोटो असेलच असं नाही. तिथं 'खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर पुण्यात कुठे पाणी शिरतं?' हेच शीर्षक उघडलं जाईल. ऑगस्ट २०१७ पासून गूगलला मराठीत बोलून शोध सांगता येतो, त्यामुळे माणसं आता सुटे शब्द टाकण्याऐवजी अख्खा प्रश्न विचारतात. लेखातली उपशीर्षकं त्या प्रश्नांच्या वळणाची ठेवावीत आणि उत्तर पहिल्या परिच्छेदातच द्यावं. आपल्याला 'खडकवासला', 'खडकवासल्याचा' आणि 'खडकवासल्यातून' एकच वाटतात. यंत्राला दर वेळी वाटतीलच असं नाही. म्हणून मूळ नाव सुरुवातीला एकदा तरी यावं.

मराठीत न सापडण्याचं दुखणं जुनं आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण आपली बहुतेक वर्तमानपत्रं पुढं बरीच वर्षं इंटरनेटवर आपापल्या फॉन्टमध्ये होती. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आतून ती रोमन अक्षरांची अर्थहीन रांग असायची. शोधयंत्र वाचणार काय? ज्या पुण्यात सी-डॅक ही संगणक संस्था आणि 'श्रीलिपी' हे फॉन्टचं सॉफ्टवेअर वाढलं, त्या पुण्यातल्या लेखांचीही हीच गत. आजही डीटीपीची फाईल युनिकोडमध्ये बदलताना रफार घसरतो, जोडाक्षर तुटतं. 'ॲप'मधल्या पहिल्या अक्षराला युनिकोडनं स्वतंत्र जागा दिली ती २००८ मध्ये. त्याआधीच्या सवयीनं अनेक जण अजून 'अ'वर चंद्र जोडतात. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. लेख चढवल्यावर त्यातलाच एखादा शब्द टाइप करून तो सापडतो का, हे आधी तपासा.

मग व्हॉट्सॲप. तिथं आपला लेख भराभर पसरतो, पण वरचं नाव गळून. दुसऱ्या दिवशी तो 'साभार, लेखक अज्ञात' म्हणून परत येतो. विनोदी असेल तर पु. लं.च्या नावावर जमा होतो. यावर चिडून उपयोग नाही. पूर्ण मजकूर पाठवण्याऐवजी दोन परिच्छेद आणि दुवा पाठवावा, आणि नाव मजकुराच्या मधल्या एखाद्या वाक्यातच गुंफावं. कापणारा सहसा वर आणि खालीच कापतो.

ललित लिहिणारे यावर हरकत घेतात, आणि ती रास्त आहे. त्यांचा लेख प्रश्न टाकून कुणी शोधत नाही. तिथं वाचक माणसाच्या नावावर येतो, आणि नाव ठरलेल्या वारानं रुजतं. पुण्याचा 'केसरी' १८८१ मध्ये निघाला तो मंगळवारी, आणि पुढं बरीच वर्षं मंगळवार हाच त्याचा वार राहिला. उलट याच शहरात १ जानेवारी १९३२ ला ना. भि. परुळेकरांनी दैनिक 'सकाळ' काढला. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या परुळेकरांनी अग्रलेखांवर पोसलेल्या गावाला गल्लीतली बातमी आणि बाजारभाव साध्या भाषेत दिले. 'केसरी'चा वाचक त्याच्या मताची वाट बघे, 'सकाळ'चा वाचक रोजच्या गरजेची माहिती शोधे. आपला लेख या दोहोंतल्या कुठल्या वाचकासाठी आहे, हे लिहिण्याआधीच ठरलेलं बरं.

आता शोधयंत्र उत्तराचा गोषवारा स्वतःच वर देऊ लागलं आहे. त्यामुळे ऐकीव माहितीची उजळणी करणारा लेख उघडायला कारण उरणार नाही. नदीकाठच्या सोसायटीत पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, हे मात्र तिथं जाऊन विचारल्याशिवाय कुणालाच कळत नाही, यंत्रालाही नाही. २०११ च्या जनगणनेत सव्वाआठ कोटींहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली, आणि त्यांच्या कितीतरी साध्या प्रश्नांना मराठीत अजून धड उत्तर नाही. सुरुवात जुन्या लेखांपासून करा. शीर्षक बदला, मेलेले दुवे काढा, चुकीचा आकडा सुधारा आणि सुधारल्याची तारीख वर लिहा. नवा लेख त्यानंतर.